चूक पोटात घालणारी गाडी

मला मोटरसायकल चार सिलिंडरच्या इंजिनाचीच हवी होती, आणि ती निव्वळ आवाजासाठी. एकदा सिग्नलला माझ्या शेजारी सहाशे सीसीची सुपरस्पोर्ट, म्हणजे शर्यतीच्या गाडीसारखी मोटरसायकल, येऊन थांबली. दिवा हिरवा झाला, चालवणाऱ्याने मूठ पिळली आणि तो आवाज जो चढत गेला तो पुढचे कित्येक दिवस कानातून जाईना. घरी येऊन शोधलं. यामाहाची आर6. 599 सीसी, सुमारे 118 पीएस (म्हणजे जवळजवळ तेवढेच हॉर्सपॉवर), आणि इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला साडेसोळा हजारांपर्यंत. तेव्हा मी 34 वर्षांची होते. उंची 5 फूट 3 इंच, वजन 54 किलो, आणि दहा वर्षं फक्त बिनगिअरची स्कूटर चालवलेली. क्लच म्हणजे काय हे मला चारचाकीवरून माहीत होतं, मोटरसायकलवर तो एकदाही दाबलेला नव्हता.

गाडी ठरायला सात महिने लागले. ते सगळे इथे सांगतेय, कारण अशी पहिलीच गाडी ताकदीची घ्यायची इच्छा असणाऱ्याला दोनच उत्तरं ऐकायला मिळतात. एक, "घे बिनधास्त, सगळं आपल्या मनगटात असतं." दुसरं, "मरायचंय का?" मला दोन्हींचा उपयोग झाला नाही.

पहिला फोन मामाला केला. तो चाळीस वर्षं मोटरसायकल चालवतोय. रागावेल असं वाटलं होतं. त्याने शांतपणे विचारलं, "पडली तर उचलशील का?"

"मी कशाला पडेन, मामा?"

"अगं, तू नाही, गाडी. उभ्या उभ्या पडते ती. वळवताना, पार्किंगमधून काढताना, उतारावर पाय टेकवताना. पहिल्या वर्षात जवळजवळ प्रत्येकाची पडते. किती किलो उचलायचे आहेत ते बघ, मग पुढचं बोलू."

मी बघितलं. माझ्या यादीतल्या गाड्या 170 पासून 215 किलोपर्यंत होत्या. माझ्या वजनाच्या तिप्पट-चौपट.

माझ्या परवान्यावर सीसीची किंवा ताकदीची कसलीच मर्यादा नव्हती. म्हणजे परीक्षा पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोनशे हॉर्सपॉवरची गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर आणू शकले असते. सगळीकडे असं नसतं हे मला तेव्हा कळलं. युरोपीय संघाने 2013 पासून जिनाच बांधलाय. ए1 परवान्यावर 125 सीसी आणि 11 किलोवॉटपर्यंत, ए2 वर 35 किलोवॉटपर्यंत म्हणजे साधारण 47 हॉर्सपॉवर, आणि मग पूर्ण ए. शिवाय ए2 मध्ये एक बारीक अट आहे. गाडीची ताकद कमी करून 35 किलोवॉटवर आणली असेल, तर तिची मूळ ताकद त्याच्या दुपटीहून जास्त नसावी. ऑस्ट्रेलियातल्या नियमात तर नुसती सीसी बघत नाहीत. मर्यादा 660 सीसीची आहेच, पण टनामागे 150 किलोवॉटचं गणितही आहे, आणि त्या वजनात चालवणाऱ्याचे म्हणून 90 किलो धरतात. जपानमध्ये साधा परवाना 400 सीसीपर्यंत चालतो, म्हणून तिथल्या कंपन्या इतकी वर्षं चारशेच्या इतक्या गाड्या बनवत आल्या.

हे वाचून मी जरा थांबले. इतक्या देशांनी पायऱ्या बांधल्यात आणि मला एकही पायरी नाही, म्हणजे ती मलाच बांधावी लागणार होती. मग प्रशिक्षणाला नाव घातलं.

पहिल्या दिवशी सरांनी दीडशे सीसीची गाडी दिली. त्याआधी, मामाशी ठरवून आल्यासारखं, एक जुनी जड मोटरसायकल गवतावर आडवी केली आणि म्हणाले, "ताई, उचला." मी हँडल धरून ओढायला लागले. जागची हलली नाही. मग त्यांनी रीत दाखवली. आधी इंजिन बंद. गाडी गिअरमध्ये, म्हणजे उचलताना चाक फिरणार नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचलता उचलता ती पलीकडे जाते. मग गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला कंबर टेकवायची, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या कडीवर, पाठ सरळ, आणि पायांनी मागे मागे चालत जायचं. हातांनी उचलायचं नाहीच. तिसऱ्या प्रयत्नात ती उभी राहिली. 180 किलोच्या आसपासची गाडी मी एकटीने उभी केली होती आणि मला रडू येईल असं वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्यात जे झालं त्याने माझी निवड बदलली, म्हणून ते नीट सांगते.

क्लच हळूहळू सोडत, इंजिनाने गाडी ओढायला सुरुवात केली की तिथेच बोटं धरून ठेवायची, याचा सराव चालला होता. माझ्या हातून क्लच सटकन सुटला. गाडीने पुढे झेप घेतली. शरीर जागेवर राहिलं, म्हणजे गाडीच्या मानाने मागे गेलं. हात ताणले गेले, मनगट खाली वळलं, आणि ज्या मुठीत थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, होता तीच मूठ आणखी पिळली गेली. गाडी आणखी जोरात पुढे, मी आणखी मागे. भीतीने माणूस जे हातात असेल ते घट्ट धरतो आणि इथे घट्ट धरणं म्हणजेच वेग वाढवणं. सर ओरडले, "क्लच!" मी डावी बोटं दाबली आणि गाडी मरगळली. सगळं मिळून दीड सेकंदाचा खेळ. चार-पाच मीटर पुढे गेले होते, समोर मोकळं मैदान होतं, झालं काहीच नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. माझी चूक तीच, दीड सेकंदही तोच, पण खाली बारा-चौदा हॉर्सपॉवरऐवजी 118 असत्या तर? सहाशेची सुपरस्पोर्ट पहिल्याच गिअरमध्ये शंभरच्या पुढे जाते. तिथे दीड सेकंदात मी मैदानाच्या भिंतीपर्यंत पोचले असते. सर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चूक सगळ्यांची होते, ताई. छोटी गाडी चूक पोटात घालते." हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही, पण नंतर प्रत्येक गाडीवर बसताना मनात तेच होतं.

इलाजही त्यांनी तिथेच शिकवला. थ्रॉटल दाराची गोल मूठ धरतो तसा जरा तिरका धरायचा, म्हणजे हात ताणला तरी मनगट फार फिरत नाही. गुडघ्यांनी टाकी आवळायची, म्हणजे शरीराचा भार हातांवर येत नाही. आणि हळू वेगात दोन बोटं कायम क्लचवर. इंजिन कितीही ताकदीचं असो, क्लच दाबला की मागच्या चाकाशी त्याचा संबंध संपतो.

ब्रेकचा सराव त्याहून जास्त दिवस चालला. स्कूटरवर माझी सवय दोन्ही हात एकदम दाबायची, तीही डाव्यावर जास्त जोर देऊन. मोटरसायकलवर डावा हात म्हणजे क्लच आणि मागचा ब्रेक उजव्या पायात. पहिले काही दिवस घाबरले की मी पायच दाबायचे. मागचं चाक अडकून फरफटायचं आणि गाडी थांबायचीच नाही. कारण साधं आहे. ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं आणि हलक्या चाकाला रस्ता धरता येत नाही. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. पण तो झटक्यात ओरबाडायचा नाही. आधी हलका दाबून वजन पुढे येऊ द्यायचं, टायर रस्त्यावर दाबला गेला की मग जोर वाढवत न्यायचा. लिंबू पिळतो तसा.

सरांनी एका कागदावर हिशेब मांडून दिला होता. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. लक्षात येऊन बोटं लीव्हरवर पोचायला एक सेकंद धरा, तेवढ्यात 17 मीटर गेले. मग चांगल्या कोरड्या रस्त्यावर, चांगल्या हाताने, थांबायला आणखी वीसेक मीटर. वेग शंभर असेल तर पहिल्या सेकंदातच 28 मीटर जातात आणि ब्रेकचं अंतर पंचावन्नच्या घरात जातं. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट. मला हे सूत्र शाळेपासून पाठ होतं. त्या मैदानावर शंकू लावून, 30 वर आणि मग 60 वर थांबून बघेपर्यंत ते अंगात उतरलं नव्हतं.

याच सुमारास मी हॅरी हर्ट यांचा अहवाल वाचला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या त्यांच्या पथकाने लॉस एंजलिस परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांच्या जागी स्वतः जाऊन तपास केला होता, शिवाय 3,600 अपघातांच्या पोलिसी नोंदी पाहिल्या होत्या. अहवाल 1981 चा आहे, गाड्या आणि रस्ते तेव्हापासून खूप बदललेत, पण माणसाचे हात तेच आहेत. त्यातल्या तीन गोष्टी मला लागल्या. अपघात टाळायला चालकाला मिळालेला वेळ साधारण दोन सेकंदांपेक्षाही कमी होता. बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक फरफटवलं आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही, म्हणजे अगदी मी करत होते तेच. आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे मी माझं वेळापत्रक बदललं: अपघातात सापडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झालेले नव्हते. रस्त्यावरचा त्यांचा एकूण अनुभव जवळपास तीन वर्षांचा होता, म्हणजे ते अगदीच नवखे नव्हते. ती गाडी त्यांना नवी होती.

म्हणून मामाची दीडशे सीसीची जुनी गाडी मागून आणली आणि ठरवलं की आधी तीन महिने हीच. रोज कामावर, रविवारी लांब, पावसातही. त्या तीन महिन्यांत चारेक हजार किलोमीटर झाले. हीच माझी पहिली पायरी. यात वेळ गेला असं मला एकदाही वाटलं नाही.

वळणं मी तिच्यावरच शिकले. वेगात असताना डावीकडे जायचं तर हँडलची डावी बाजू पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं. चाक क्षणभर उजवीकडे वळतं, गाडी डावीकडे कलते आणि मग डावीकडे जाते. विमान उडवण्याआधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राइट यांनी सायकलवर हे नेमकं हेरलं होतं, आणि त्यांनी विचारलेल्या सायकलस्वारांपैकी कुणालाच आपण वळतो कसे हे नीट सांगता आलं नव्हतं. आपण सगळे हे नकळत करतो. पण समोर अचानक काही आलं तर नकळत होईल यावर भरवसा ठेवता येत नाही, मुद्दाम ढकलता यावं लागतं. आणि इथेच मला निवडीचा आणखी एक निकष मिळाला, जो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो: हँडलची रुंदी. सुपरस्पोर्टचे हँडल आखूड आणि खाली असतात, शरीराचा भार मनगटांवर येतो. ट्रॅकवर तेच हवं असतं. पण रुंद, सरळ हँडलवर मला कमी जोरात गाडी कलवता येत होती आणि हात मोकळे राहत होते. ताठ बसलं की मान उचलून दूरवर बघताही येतं.

मग एका रात्री कागद घेऊन बसले आणि दोन गाड्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. एक माझी लाडकी आर6, दुसरी कावासाकीची झेड650. पहिली 599 सीसी, दुसरी 649. वजनं जवळजवळ सारखी, दोन्ही 190 किलोच्या आतबाहेर. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, तोही जवळपास सारखा, साठ-पासष्ट न्यूटन मीटर. आणि ताकद? पहिलीची 118 पीएस, दुसरीची 68. सीसी जास्त असलेली गाडी पन्नासने मागे! मी पुन्हा पुन्हा आकडे तपासले. मग टॉर्कच्या शेजारचा लहान आकडा वाचला, ज्याच्याकडे आधी कधी बघितलंच नव्हतं. आर6 तो टॉर्क साडेदहा हजार फेऱ्यांना देते, झेड650 साडेसहा हजारांच्या आसपास. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. तोच जोर जितक्या वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकवता येईल तितकी ताकद वाढते.

आता विचार करा, गल्लीतून, गर्दीतून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आपण किती फेऱ्यांवर असतो? तीन ते पाच हजार. तिथे दोन सिलिंडरच्या गाडीकडे जोर असतो, मूठ जेवढी पिळली तेवढा मिळतो. वर फिरणारं चार सिलिंडरचं इंजिन तिथे मानाने सुस्त असतं आणि वर चढत गेलं की खरा जोर उसळून बाहेर येतो. नवखा माणूस खाली काही होत नाही म्हणून आणखी पिळतो आणि मग एकदम सगळं येतं, नेमकं त्याला नको असतं तेव्हा. ताकद किती यापेक्षा ती कशी येते हे विचारायचं असतं, हे मला त्या कागदाने शिकवलं. तोपर्यंत मी सीसीवरच अडले होते.

टेस्ट राइड घ्यायला सुरुवात केली तेव्हा अंगावर जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट असं सगळं होतं. ते गाडीआधी घेतलं आणि एकूण रकमेचा पाचवा हिस्सा त्यासाठी बाजूला काढला होता. हेल्मेट दुकानात वीस मिनिटं डोक्यावर ठेवून बसले. गाल दाबले गेले पाहिजेत, पण कपाळावर एकाच जागी दुखायला नको. पहिली दोन या कसोटीत बाद झाली, तिसरं घेतलं. ईसीई 22.06 या हेल्मेटच्या सुरक्षा-मानकाचा शिक्का बघून घेतला.

पहिल्या शोरूममध्ये नऊशे सीसीची चार सिलिंडरची नेकेड, म्हणजे इंजिनावर आवरण नसलेली, गाडी होती. सव्वाशे पीएसची. विक्रेता म्हणाला, "मॅडम, लो पॉवर मोड आहे ना. अर्धी गाडी होते. सवय झाली की बटण दाबा." मला ते पटायला आलं होतं. त्याने आपल्या मागे मोकळ्या रस्त्यावर नेलं आणि मी त्या मोडमध्येच चालवली. इतकं गुळगुळीत इंजिन मी आजवर अनुभवलं नव्हतं. कंप नाही, धक्का नाही, मूठ आणि चाक यांच्यामध्ये जणू लोणी. साठने चाललेय असं समजून मी मीटरकडे पाहिलं आणि तिथे 93 होते.

मी मूठ सोडली. पोटात खड्डा पडला. माझा वेगाचा अंदाज इंजिनाच्या धडपडीवर बसलेला होता. दीडशे सीसीची गाडी नव्वदला ओरडते, थरथरते, सांगते. ही काहीच सांगत नव्हती. मोडमुळे ताकद कमी झाली होती हे खरं, पण 210 किलो वजन तेवढंच होतं आणि वेग लपवणारी ती सफाई तशीच होती. शिवाय बटण माझ्याच अंगठ्याखाली. वाईट दिवशी, कुणी डिवचल्यावर, मी ते दाबणार नाही याची हमी मी स्वतःला देऊ शकत नव्हते. मोड वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. ओल्या रस्त्यावर त्यांची किंमत कळते. पण नको तितक्या मोठ्या गाडीला योग्य ठरवण्यासाठी मोडचा आधार घेऊ नये, असं माझं ठाम मत त्या दिवशी झालं.

दुसरी एक सिलिंडरची, चारशेच्या आतली, हलकी आणि चपळ. खालच्या फेऱ्यांवर गर्दीत ती अडखळत होती, मूठ जरा उघडली की धक्का, जरा मिटली की धक्का. अनुभवी माणूस क्लचने ते सांभाळून घेतो. माझं सगळं लक्ष त्यातच जात होतं.

मग रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर 650. तिने मला जवळजवळ जिंकलंच. 648 सीसी, दोन सिलिंडर, आणि ताकद 47 हॉर्सपॉवर, म्हणजे बरोबर त्या युरोपीय ए2 पायरीवर बसणारी. अडीच हजार फेऱ्यांपासूनच जोर हाताशी, चढत्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्येही कुरकुर नाही. शिकायला इतकं समंजस मोठं इंजिन मी दुसरं पाहिलं नाही. पण वजन दोनशे किलोंच्या वर. थोड्या उताराच्या जागी पुढचं चाक खाली करून लावली होती, तिथून ती मागे ढकलत काढायला मला जमेना. तीनदा प्रयत्न केला. रोज अशाच जागी गाडी लावावी लागणार हे मला माहीत होतं. माझ्यापेक्षा वीस किलो जड आणि अर्धा फूट उंच असणाऱ्याला मी आजही आधी हीच बघ म्हणेन.

उंचीबद्दल इथे सांगते, कारण माझ्यासारख्या अनेकजणी याच आकड्यावर अडून बसतात. सीटची उंची मिलिमीटरमध्ये छापलेली असते, पण पाय टेकतात की नाही हे सीटच्या रुंदीवरही ठरतं. पुढून निमुळती असलेली 805 ची सीट मला रुंद 790 पेक्षा सोपी गेली. तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती बसतं त्यानेही फरक पडतो. एका ठिकाणी मला सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली करून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. गाडी खाली आली की वळणात जमिनीला लवकर घासते, आणि फक्त मागची बाजू खाली केली तर पुढच्या फोर्कचा कोन बदलून वळण्याची तऱ्हाच बदलते. शिकताना गाडीने मूळ स्वभावानेच वागावं. आणि दोन्ही टाचा टेकायची गरज नसतेच. थांबताना एका बाजूला जरा सरकायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. हे जमायला मला आठवडा लागला.

झेड650 वर बसले तेव्हा फार काही वाटलं नाही, खरंच. आवाज साधा. पण हँडल रुंद, सीट 790, लीव्हरचं अंतर माझ्या लहान बोटांना जुळवता आलं, क्लच हलका. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, होतंच, त्याशिवाय मी कुठलीच गाडी बघत नव्हते. अर्धा तास चालवली. वळणात मुद्दाम मूठ थोडी धसमुसळी उघडून बघितली. गाडी पुढे सरली, उसळली नाही. चौकात चुकून तिसऱ्या गिअरमध्ये राहिले आणि क्लच सोडला, तरी ती कुरकुरत का होईना निघाली. परत आल्यावर लक्षात आलं की अर्ध्या तासात मी गाडीचा विचारच केला नव्हता. रस्ता बघत होते.

मामाला फोन केला. "उचलशील?" पुन्हा तोच प्रश्न.

"187 किलो. उचलेन."

"मग घे."

कावासाकीचीच चारशेची, 168 किलोची, दोन सिलिंडरची गाडीही मी पाहिली होती, तेही सांगायला हवं. कुणी आज मला विचारलं की मोटरसायकल नवीन आहे, ताकद हवी आहे, काय घेऊ, तर बहुतेकांना मी तीच सांगेन, तीही वापरलेली. मी ती पायरी मामाच्या गाडीवर चढून आले होते म्हणून 68 पीएसपर्यंत गेले. ते चार हजार किलोमीटर नसते तर गेले नसते आणि जाऊही नये.

पहिले पाच महिने मी हर्टच्या अहवालातल्या त्या आकड्यावर नजर ठेवून काढले. अनोळखी रस्त्यावर अंधारात नाही. मागे कुणी बसवणार नाही. माझ्यापेक्षा वेगवान मंडळींबरोबर ग्रुप राइडला नाही, कारण पुढच्याला गाठायच्या नादात माणूस आपल्या हातांपेक्षा पुढे जातो. बोलावणी आली, नाही म्हटलं, काहीजण रुसले. दर रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये वीस मिनिटं: आठचे आकडे, मग 40 वरून दहा वेळा पूर्ण ब्रेक. एबीएस लीव्हरखाली कसं थडथडतं हे हाताला आधीच माहीत हवं, नाहीतर खऱ्या प्रसंगी माणूस दचकून ब्रेक सोडतो.

सहाव्या आठवड्यात पडलीच. अरुंद जागेत यू-टर्न घेताना हँडल पूर्ण वळलेलं असताना मी पुढचा ब्रेक दाबला. चालता वेगही नव्हता. ती सावकाश डावीकडे कलली आणि मी तिला धरू शकले नाही. हळू वेगात, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लावायचा नाही, फक्त मागचा, हे मला शिकवलेलं होतं. तरी हात गेला. दोन माणसं मदतीला धावत आली. मी म्हटलं, "थांबा, एकदा मला बघू द्या." इंजिन बंद, गिअरमध्ये, पाठ केली, कंबर टेकवली आणि मागे चालत गेले. क्लच लीव्हरचं टोक वाकलं होतं, आरशाला ओरखडा. तो आरसा मी अजून बदललेला नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. गाडीचे 14,000 किलोमीटर झालेत. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने तिची चार सिलिंडरची गाडी तासभर चालवायला दिली. या वेळी मीटरकडे न बघता वेग कळत होता. कडेची झाडं, वारा, रस्त्यावरचे पट्टे, हे आता मला वाचता येतात. घाटाच्या शेवटच्या सरळ पट्ट्यात मी तिसऱ्या गिअरमध्ये मूठ उघडी ठेवली आणि तो आवाज चढला. तोच. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडले.

ते इंजिन मला अजूनही हवंय. पण पुढच्या वर्षी. सध्या माझ्या गाडीचे टायर झिजत आलेत, नवे मागवलेत. ते बसले की पहिले दीडशे किलोमीटर पुन्हा हळू, कमी कलून, नव्या रबराला रस्त्याची ओळख होईपर्यंत. आणि रविवारच्या पार्किंगमध्ये ब्रेकचे दहा फेरे नव्याने, कारण टायर बदलला की थांबण्याचा अंदाजही बदलतो.